महागाईचा आकडा आणि पेण-रोह्याचं भात

विषयाचं नाव पत्रिकेत जरा जड छापलं गेलंय, पण गोष्ट साधी आहे. दिल्लीत दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी एक जाडजूड पुस्तक निघतं, आर्थिक पाहणी अहवाल. त्यातल्या २०२३-२४ च्या अहवालात अन्नधान्याच्या भावांबद्दल काही सूचना आहेत. २२ जुलै २०२४ ला तो संसदेत मांडला गेला आणि त्यावर महिनाभर वर्तमानपत्रांतून खणाखणी झाली. आम्ही तो अहवाल इथे, पेण आणि रोह्याच्या शेतात बसून वाचायचा म्हणतोय. म्हणजे टीका करायची आहे, पण शिव्या घालायच्या नाहीत. अहवालात बरंच शहाणपण आहे. ज्या शेतकऱ्याला डोळ्यासमोर ठेवून तो लिहिलाय तो शेतकरी मात्र आपल्याकडे सापडत नाही, आमचा मुद्दा एवढाच आहे.

आधी अहवाल काय म्हणतो ते नीट समजून घेऊ. आपल्या रिझर्व्ह बँकेला २०१६ पासून कायद्याने एक काम लावून दिलंय. किरकोळ महागाई ४ टक्क्यांच्या आसपास ठेवायची, फार तर दोन टक्के वर, दोन टक्के खाली. महागाई मोजायची ती ग्राहक किंमत निर्देशांकाने. २०१२ पायाच्या मालिकेत या निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा ४५.८६ टक्के धरलेला होता. ग्रामीण भागापुरता बघितला तर ५४.१८. म्हणजे तेव्हा निम्म्याच्या आसपास महागाई ही ताटातली महागाई होती. अहवालाचं म्हणणं असं, की टोमॅटो महागतो तो पाऊस लांबला म्हणून, लोकांच्या खिशात पैसा जास्त झाला म्हणून नव्हे. मग व्याजदर वाढवून टोमॅटो कसा स्वस्त होणार? तेव्हा अन्न वगळून उरलेल्या महागाईचंच लक्ष्य ठेवावं का, याचा विचार करा. गरिबांना झळ बसेल त्याची भरपाई थेट खात्यात पैसे टाकून किंवा कूपन देऊन करा. आणि जोडीने आणखी सूचना. भाव जरा चढले की लगेच निर्यातबंदी करू नका, ते शेवटचं हत्यार ठेवा. वायदेबाजार उठसूट बंद करू नका. ओलिताखालचं क्षेत्र वाढवा.

रिझर्व्ह बँकेला हे पटलं नाही. तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी ऑगस्ट २०२४ च्या पतधोरणात सांगितलं, की सामान्य माणूस महागाई ओळखतो ती खाण्याच्या भावावरून, ती नजरेआड करता येणार नाही. रोह्यात बसून रिझर्व्ह बँकेबद्दल बोलताना थोडा अभिमान येतोच, कारण तिचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांना रोहेकर आपलेच मानतात. पण तो अभिमान आज बाजूला ठेवू.

या वादात दोन माणसं गृहीत धरलेली आहेत. एक खाणारा आणि एक पिकवणारा. खाणाऱ्याला स्वस्त हवं, पिकवणाऱ्याला महाग हवं, आणि सरकारने दोघांमध्ये तराजू धरायचा. निर्यातबंदी केली की पिकवणारा रडतो, उठवली की खाणारा रडतो. मुंबईच्या संपादकीय पानावर हे चित्र छान दिसतं. आता ते पेणच्या खारेपाटात, शिर्की-वाशीच्या एखाद्या घरात नेऊन ठेवा. किंवा रोह्याच्या कालव्याखालच्या गावात. तिथे हे दोघे एकाच चुलीपाशी जेवायला बसलेले असतात.

आपण एक घर कल्पू. नाव-गाव नको, कारण ते हिशेबासाठी रचलेलं घर आहे. दोन एकर, म्हणजे ऐंशी गुंठे भातशेती. खायला पाच माणसं. एकरी दहा क्विंटल भात धरू. कुणी म्हणेल आमच्याकडे जास्त येतं, कुणी म्हणेल खारेपाटात एवढंही कुठे येतं. ठीक आहे, आपापल्या घरचा आकडा मनात बदलून घ्या. तर वीस क्विंटल भात. माणशी महिन्याला आठ किलो तांदूळ धरला तर घराला महिन्याला चाळीस किलो, वर्षाला चारशे ऐंशी. सरकारी भरडाईच्या हिशेबात शंभर किलो भाताचा ६७ किलो तांदूळ होतो. म्हणजे घरच्या खाण्यासाठी सात क्विंटलच्या वर भात कणगीत ठेवावं लागतं. बियाणं, पाहुणारावळा, लेकीकडे पाठवायचा तांदूळ, हे सगळं जाऊन विकायला उरलं बारा क्विंटल.

आता हमीभाव. साधारण प्रतीच्या भाताचा २०२४-२५ चा हमीभाव होता क्विंटलला २,३०० रुपये. २०२५-२६ साठी तो २,३६९ केला. ६९ रुपयांची वाढ. टीव्हीवर पट्टी फिरली, शेतकऱ्यांना दिलासा. आपल्या या घराला दिलासा किती? बारा गुणिले ६९, म्हणजे ८२८ रुपये. वर्षाला. महिन्याला पुन्हा ६९ च. तेवढ्यात गोडेतेल किती येतं, ते घरच्या बाईला विचारा.

आणि हेच घर वर्षभर काय काय विकत घेतं बघा. तेल, तूरडाळ, साखर, कांदा, बटाटा, मिरची, सुकटाचा वाटा. आपल्या देशाचं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. १४ सप्टेंबर २०२४ ला सरकारने कच्च्या तेलावरचं आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर नेलं, सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यासाठी ती मागणी रास्तच होती. पण पेणच्या शेतकऱ्याने सोयाबीन जन्मात लावलं नाही, तो फक्त तेल विकत घेणारा. ऐन सणाच्या तोंडावर तेल चढलं. पुढे मे २०२५ अखेर शुल्क साडेसोळावर आणलं. यातल्या एकाही निर्णयात भातवाल्याचा विचार नव्हता, पण फोडणी त्याच्याच घरातली महागली.

सांगायचं काय, तर ‘शेतमालाला भाव मिळाला की शेतकऱ्याचं भलं’ हे वाक्य आपल्याकडे अर्धंच खरं आहे. ज्याच्याकडे विकायला खूप आहे त्याला ते लागू. आपल्याकडचा शेतकरी भात विकतो बारा क्विंटल आणि बाकी सगळं विकत घेतो. त्यामुळे अन्न वगळून महागाई मोजा म्हटलं, की त्याच्या खर्चातला मोठा भाग हिशेबातूनच जातो. आणि अन्न धरून मोजा म्हटलं, की त्याचं बारा क्विंटल भात स्वस्त ठेवणं हा धोरणाचा विजय ठरतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

हमीभावाबद्दल आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. २,३६९ हा आकडा आला कुठून? देशभरातला भाताचा सरासरी खर्च काढला, शेतकऱ्याचा प्रत्यक्ष खर्च आणि घरच्यांच्या राबण्याची किंमत धरून, तो आला क्विंटलला १,५७९. त्याच्या दीडपट. झालं. पण ही सरासरी पंजाब-हरियाणा-आंध्रची. तिकडे सपाट शेतं, नळपाणी, यंत्राने कापणी. महाराष्ट्राचा क्विंटलमागचा भाताचा खर्च या सरासरीपेक्षा कितीतरी वर असतो. त्यातही आपल्या कोकणात दोन-दोन गुंठ्यांच्या तुकड्यांत लावणी हाताने, कापणी हाताने, झोडणी हाताने. दीडपट म्हणतात ती दिल्लीच्या सरासरीची दीडपट. आपल्याला त्यातून खर्च सुटला तरी मिळवलं.

राज्य सरकारला हे ठाऊक आहे. म्हणूनच त्यांनी बोनस सुरू केला, आणि गंमत अशी की तो क्विंटलवर नाही, जमिनीवर. २०२२-२३ ला हेक्टरी १५,०००, पुढच्या हंगामापासून हेक्टरी २०,०००, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. आपल्या ऐंशी गुंठ्यांना त्याचे होतात सोळा हजारांच्या आसपास. आता ताडून बघा. बारा क्विंटल भात हमीभावाने विकून येतात २८,४२८ रुपये. आणि जमीन नावावर आहे, नोंदणी केली आहे, एवढ्यावर येतात सोळा हजार. विक्रीच्या निम्म्याहून जास्त. आम्ही या बोनसच्या विरोधात नाही, मिळतोय तो घ्यावा. पण धोरण काय कबूल करतंय ते बघा. भाताला भाव देणं आम्हाला जमत नाही, म्हणून जमीन असल्याबद्दल पैसे देतो. ज्याची जमीन स्वतःच्या नावावर नाही, जो अर्धेलीने किंवा मक्त्याने दुसऱ्याची शेती कसतो, त्याच्या हाती यातलं काय येतं? सातबारा मालकाचा, मालक बोरिवलीला. चिखलात उभा राहणारा वेगळाच. हा बोनस जाहीर करताना कुणी हा प्रश्न विचारला असेल असं वाटत नाही.

आता निर्यातबंदीकडे येऊ, कारण अहवालाची ती सूचना सगळ्यात गाजली. २० जुलै २०२३ ला केंद्राने बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. जगात जेवढा तांदूळ एका देशातून दुसऱ्या देशात जातो, त्यातला ४० टक्क्यांच्या आसपास आपला. त्यामुळे जगभर हाहाकार झाला, अमेरिकेत आपली मंडळी दुकानांपुढे रांगा लावून पिशव्या भरत होती, ते व्हिडिओ तुम्ही बघितले असतील. आपल्या जिल्ह्यात त्या दिवशी कुणाचं लक्षच नव्हतं. आदल्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. आणि शेतावर लावणी चालू होती. म्हणजे रोप खाचरात उभं राहतानाच त्याच्या भावाचा वरचा दरवाजा बंद झाला होता. त्या महिन्यातली अन्नाची महागाई साडेअकरा टक्क्यांवर होती, ऑगस्ट कोरडा गेला, सरकार घाबरलं हे समजू शकतं. पण बंदी उठायला सप्टेंबर २०२४ ची अखेर उजाडली. दोन हंगामांची लावणी त्या बंदीखाली झाली.

मग बंदी नसती तर आपल्याला काय मिळालं असतं? इथे आम्ही अहवालाशी आणि शेतकरी संघटनांशीही थोडं वेगळं बोलणार आहोत. आपलं भात निर्यातीला जात नाही. न्हावा-शेवा बंदर याच जिल्ह्यात, हाकेच्या अंतरावर, पण तिथून जाणारा तांदूळ उत्तरेचा. बिनबासमतीचा मोठा माल तिकडे काकीनाड्याहून निघतो. आपल्या भाताचं गिऱ्हाईक जवळचंच, गावातला व्यापारी, खरेदी केंद्र, भात गिरणी आणि पोह्याची गिरणी. निर्यात उघडली की त्याची ऊब आपल्यापर्यंत येते ती शेवटी आणि थोडी. बंद झाली की थंडी मात्र लगेच पोचते, कारण बाहेरचा स्वस्त माल ट्रक भरून आपल्याच बाजारात उतरतो. पोह्याचंच बघा. पेणचे पोहे, रोह्याचे पोहे, पेणचे पोह्याचे पापड, हे नाव सगळ्या महाराष्ट्राला माहीत. पण या गिरण्यांना लागणारं भात आता तालुक्यात पुरत नाही, बाहेरून येतं. तिकडे छत्तीसगडात भाटापाऱ्याचा पोहा आपल्याशी टक्कर देतो, त्यांच्या दारात भाताचा समुद्र आहे. भात भिजवायचं, भट्टीत वाळूवर भाजायचं, मग चेपायचं, यात सरपण, वीज, मजुरी, सगळंच चढलेलं. त्यात १८ जुलै २०२२ पासून छापील पाकिटातल्या पोह्यावर पाच टक्के जीएसटी आला. आधी फक्त ब्रँडवाल्यांना होता. तेव्हा पेणमध्ये भात स्वस्त झालं तर पापड लाटणारी बाई खूष, आणि तिचाच भाऊ खारेपाटात भात पिकवत असेल तर तो नाखूष. रक्षाबंधनाला काय बोलत असतील कोण जाणे.

(हशा)

हसण्यावारी नेऊ नका, हे खरंच कठीण आहे. भात महाग व्हावं ही सरसकट मागणी पेण-रोह्यातून करता येत नाही, एवढंच आम्हाला म्हणायचंय.

गेल्या ऑक्टोबरात तर आकड्याने कमालच केली. ऑक्टोबर २०२५ ची किरकोळ महागाई होती ०.२५ टक्के. या मालिकेतला सगळ्यात कमी आकडा. अन्नाचे भाव तर वर्षापूर्वीच्या तुलनेत पाच टक्के उतरलेले. अर्थतज्ज्ञांनी आनंद व्यक्त केला, व्याजदर कमी करायला जागा झाली म्हणाले. त्याच महिन्याच्या अखेरीस कोकणात अवकाळी पाऊस उतरला. कापून ठेवलेलं भात खाचरातच भिजलं, लोंब्यांना मोड आले. सरकारी केंद्रावर भात घेतात ते १७ टक्क्यांपर्यंत ओलाव्याचं. भिजलेलं भात केंद्राच्या काट्यावर चढतच नाही. ते जातं व्यापाऱ्याकडे, त्याच्या भावाने. समजा आपल्या घराला क्विंटलमागे तीनशे रुपये कमी मिळाले. बारा क्विंटलचे ३,६०० गेले. हमीभावाच्या त्या ८२८ रुपयांच्या वाढीच्या चौपटीहून जास्त. आणि हे नुकसान महागाईच्या आकड्यात कसं दिसेल? दिसलंच तर स्वस्ताई म्हणून दिसेल.

भिजलं नाही तरी दिवाळीचा प्रश्न असतोच. आपलं हळवं भात ऑक्टोबरात कापणीला येतं. हातात पैसा तेव्हा लागतो. खरेदी केंद्राची नोंदणी, सातबारा, पीक पाहणी, बारदान आलं नाही, गोदाम रिकामं नाही, यात दिवाळी निघून जाते. केंद्र उघडेपर्यंत गरजूंचं भात विकून झालेलं असतं. मग जो थांबू शकतो तो हमीभाव घेतो, आणि थांबू कोण शकतो? ज्याच्या घरात धाटावच्या एमआयडीसीतला किंवा डोलवीच्या पोलाद कारखान्यातला पगार येतो तो. हमीभाव हा गरिबाचा आधार म्हणून आणला. आपल्याकडे तो पगारदाराच्या शेतीचा आधार झालाय.

आता मजुरांचं. सभेत हा विषय निघाला की कुणीतरी उठून सांगतंच, फुकट रेशनमुळे मजूर मिळत नाहीत. जानेवारी २०२४ पासून पुढची पाच वर्षं माणशी पाच किलो धान्य फुकट आहे, देशात एक्क्याऐंशी कोटी लोकांना. पाच किलोवर महिना निघतो का हो? आपण आत्ता माणशी आठ किलो तांदूळ धरला, आणि तो नुसता तांदूळ. आमच्या मते मजूर न मिळण्याचं कारण दुसरीकडे आहे, आणि पेणमध्ये ते डोळ्यांनी दिसतं. हमरापूर, जोहे, त्या पट्ट्यात गणपतीचे कारखाने. त्यांचा सगळ्यात धावपळीचा काळ कोणता? जून, जुलै, ऑगस्ट. लावणी कधी? जुलैत. एकाच पावसात दोन हंगाम माणूस मागतात. एक सावलीत बसून रंगकामाची मजुरी देतो, दुसरा कमरेत वाकवून चिखलात उभा करतो. कुठे जाल? माणूस आळशी झाला असं म्हणण्यापेक्षा माणसाला पर्याय मिळाला असं म्हणा. रेशन बंद केल्याने लावणीला गर्दी होणार नाही, कातकरी वाडीतलं एखादं पोर उपाशी झोपेल एवढंच.

राहिली अहवालाची ओलिताची सूचना. ही ऐकून तर आम्हाला खारेपाटातल्या लोकांचे चेहरेच आठवतात. पेण तालुक्यात हेटवणे धरण आहे, भोगेश्वरीवर. खारेपाटाला पाणी मिळेल म्हणून सांगितलेलं. पाणी पोचलं कुठे, तर सिडकोच्या वसाहतींना. लाभक्षेत्रातल्या कालव्यांची कामं वर्षानुवर्षं रखडली. उन्हाळ्यात त्याच खारेपाटातल्या वाड्यांवर टँकरची वाट बघतात. आणि याच पाण्याला धरून एक मोठी लढाई इथे झाली. महामुंबई सेझ आला तेव्हा हेटवण्याच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांनी सांगितलं, आमची जमीन ओलिताची होणार आहे, ती घेता येणार नाही. एन. डी. पाटील उभे राहिले. २१ सप्टेंबर २००८ ला सरकारला या गावांत जनमत घ्यावं लागलं. लोकांनी कौल सेझविरुद्ध दिला, निकाल मात्र सरकारने अधिकृतपणे जाहीर केला नाही. पुढे मुदत संपून भूसंपादन बारगळलं. जमीन वाचली. ज्या पाण्याच्या नावाने वाचवली ते पाणी यायचं राहिलं.

रोह्याकडे उलटी गोष्ट. तिथे पाणी आलं. मुळशीच्या धरणाचं पाणी १९२७ पासून भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, वीज करून झाली की कुंडलिकेत येतं, डोलवहाळच्या बंधाऱ्यात अडवून दोन्ही तीरांच्या कालव्यांनी शेताकडे वळतं. मुळशीच्या ज्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, त्यांच्या बुडालेल्या भातजमिनीवरचं हे पाणी. या पाण्यावर रोहा-माणगावात उन्हाळी भात उभं राहिलं. आता कालवे गळके, पाणी कधी येईल त्याचा भरवसा नाही, आणि त्याच पाण्यावर कारखान्यांचा नि नळयोजनांचा हक्क आधी. उन्हाळी लावायला माणूस कचरतो. पावसाळी भातानंतर निदान वाल तरी घेतो, कारण वाल ओलीवर येतो, कालव्याचं तोंड बघत नाही. थंडीत पोपटी लावताना आपण ज्या शेंगा मडक्यात भरतो ना, ते पीक टिकलं कारण त्याने सरकारकडे काही मागितलं नाही.

तेव्हा ‘ओलीत वाढवा’ म्हणणाऱ्यांनी एवढं सांगावं, की असलेलं पाणी कोणाचं. नवं धरण बांधायच्या आधी.

शिवाय खारेपाटाला नुसतं पाणी आणून भागत नाही. तिथे आधी पाणी बाहेर ठेवावं लागतं. खाडीचं खारं पाणी. बांधबंदिस्ती धड असेल, उघाड्यांची दारं मिटत असतील, तर भात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांधाला खांड गेली, की एका भरतीत शेत नासतं आणि पुढची दोन-तीन वर्षं पिकत नाही. पूर्वी गावकी जमून चिखल-माती टाकून खांड बांधायची. १९४८ चा खारजमिनीचा कायदा आला, मग १९७९ चा आला, काम सरकारचं झालं. गावकीचा हात सुटला आणि सरकारचा वेळेवर लागला नाही. चार-पाच वर्षं खांड तशीच राहिली की शेतात कांदळवन येतं. कांदळवन तोडायला कायद्याने बंदी, आणि ती बंदी योग्यच आहे, पण जो बांध सरकारने दुरुस्त केला नाही त्याच्या आत वाढलेल्या कांदळवनाखाली शेतकऱ्याचं भाताचं शेत होतं, याची नोंद कुठे? पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खारपट्ट्यासाठी ‘पनवेल’ नावाच्या भाताच्या जाती काढल्या, खारटपणा सोसणाऱ्या. चांगलं काम आहे. पण त्या जाती ओलसर खारट मातीत तगतात, भरतीच्या पाण्यात नाही. बांधच नसेल तर बियाणं काय करणार?

आता जमिनीच्या भावाचं, ज्याबद्दल अहवालात भाताच्या प्रकरणात अक्षर नाही. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीचा संप झाला, १९३३ पासून जवळपास सहा वर्षं. नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून कुळांनी खोतांची जमीन कसायची नाही असं ठरवलं, उपाशी राहिले, लाकडं विकली, पण नांगर धरला नाही. तेव्हा शेत ओसाड ठेवणं हे भांडण होतं. आज त्याच पट्ट्यात शेतं ओसाड आहेत, आणि कुणी भांडत नाहीये. कारण या जमिनीची किंमत भात ठरवतच नाही. जानेवारी २०२४ ला अटल सेतू झाला. त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावं धरून नवं शहर आखलं, एमएमआरडीएला तिथलं प्राधिकरण नेमलं. जमिनीचा भाव विमानतळावरून आणि पुलावरून ठरायला लागला. आपल्या घराचे ते २८,४२८ रुपये कुठे आणि गुंठ्याचा दर कुठे. अशा गावात हमीभाव शंभराने वाढला काय नि दोनशेने वाढला काय, पेरावं की नाही याचा निर्णय त्यावर होत नाही. आणि महागाईच्या निर्देशांकात घरभाडं आहे, जमिनीची किंमत नाही. भाताचं सगळ्यात मोठं स्पर्धक जे पीक आहे, म्हणजे बिनशेती प्लॉट, ते या आकड्याला दिसतच नाही.

तेव्हा आमचं म्हणणं मांडतो. अन्न धरून महागाई मोजा की वगळून, हा वाद मुंबई-दिल्लीने खुशाल करावा. पण खाणाऱ्याच्या निर्देशांकाशेजारी एक दुसरा आकडा दर महिन्याला छापा. भातवाल्या जिल्ह्यात शेतकऱ्याला दारात प्रत्यक्ष काय भाव मिळाला, आणि त्याच महिन्यात त्याने तेल-डाळ काय भावाने घेतली. ऑक्टोबरात केंद्राच्या काट्यावर काय मिळालं आणि व्यापाऱ्याच्या काट्यावर काय. हे मोजायला उपग्रह लागत नाही, बाजारात माणूस पाठवावा लागतो. खरेदी केंद्र कोकणात दिवाळीआधी उघडा, आणि ओलं भात वाळवायची सोय केंद्रावर करा. बोनस जो कसतो त्याला द्या, त्यासाठी कसणाऱ्याची नोंद करायला लागेल आणि सातबारावाल्यांना ती आवडणार नाही, कुळकायद्याची आठवण येईल त्यांना. ते भांडण टाळता येईल असं आम्हाला वाटत नाही. आणि खारबांधाची दुरुस्ती ओलिताच्याच खात्यात धरा, उधाणाच्या आधी, मे अखेरीपर्यंत.

वेळ संपत आलीय. मागच्या रांगेत वाशी-वढावकडची मंडळी बसलीत, त्यांना शेवटची एसटी गाठायची आहे. त्यांचे प्रश्न आधी घेऊ. हां, बोला काका, माईक द्या तिकडे.